चला, मी पोचवतो

चिंचाळकर काकांच्या ऑफिसात आलेला विद्यार्थी खुर्चीत फार वेळ बसत नाही. काका बसूच देत नाहीत. समोरच्याने अडचण सांगायला नुकतं तोंड उघडलेलं असतं, तोवर हे उठतात, खुंटीवरची गोल हॅट डोक्यावर चढवतात आणि म्हणतात, "कम, आय विल वॉक यू टू युवर कार." गाडी पार्किंग लॉटच्या पार त्या टोकाला असते. वर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या प्लेनोचं ऊन. बिचाऱ्याला वाटतं, आपल्याला हाकललं.

आमचं कम्युनिटी कॉलेज आहे. दोन वर्षांचं, कमी फीचं, कुणालाही दार उघडं असलेलं. काका तिथे अ‍ॅडव्हायजर आहेत, म्हणजे कुठला कोर्स घ्या, कुठला सोडा, पुढे कुठल्या युनिव्हर्सिटीत जा, हे सांगणारे. मूळचे अमरावतीचे. इथल्या टेलिकॉम कंपनीतली नोकरी गेल्यावर पन्नाशीत पुन्हा कॉलेजात जाऊन काउन्सेलिंग शिकले. मी त्याच ऑफिसात फ्रंट डेस्कला बसते आणि त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून राहते, त्यामुळे त्यांच्यापासून मला सुटका नाही. ऑफिसातही मी त्यांना काकाच म्हणते. ते ऐकून ऐकून आता डीनबाईंसकट सगळे त्यांना 'मिस्टर काका' म्हणतात. चिंचाळकर म्हणण्यापेक्षा त्यांनाही ते सोयीचं.

या पोचवण्यामागे काकांचं एक शास्त्र आहे. ते त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय, की मी झोपेतही म्हणून दाखवेन.

"हे बघ स्वाती. आपल्याकडे पाहुणा सोफ्यावर बसून तासभर हवापाण्याचं बोलतो. मग 'निघतो' म्हणून उठतो, दारात येतो, एक पाय चपलेत घालतो, आणि तेव्हा म्हणतो, 'ते आमच्या धाकट्याचं जरा बघा हं.' ज्यासाठी आला ते दारात निघतं. मग मी खुर्चीत कशाला वेळ घालवू?"

"काका, ही अमेरिकन मुलं आहेत."

"एक पाय चपलेत घातला की सगळे सारखेच."

वैताग याचा, की ते खरं ठरतं. नर्सिंगची एक मुलगी खुर्चीत बसून केमिस्ट्री अवघड जाते म्हणत होती. गाडीचं दार उघडल्यावर म्हणाली, केमिस्ट्री येते, पण लॅबच्या वेळी बाळाला ठेवायचं कुठे? काकांनी तिथेच फोन लावून तिला शनिवारची लॅब मिळवून दिली, कारण शनिवारी तिची बहीण घरी असते. परत आले ते घामाने निथळत आणि आल्याबरोबर माझ्या पाण्याच्या बाटलीवर हात टाकला. स्वतःची बाटली ते कधी आणत नाहीत.

एकदा आपल्यातलेच एक गृहस्थ आले. काळा गॉगल, टोपी कपाळापर्यंत. प्लेनोतल्या काही मराठी घरांत मूल कम्युनिटी कॉलेजात जातं हे दुखण्यासारखं लपवतात. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, तर मुलगी 'सध्या गॅप इयर घेतेय' असते. मुलीचे मार्क कळावेत म्हणून साहेब आले होते. मी त्यांना गॉगलसकट ओळखलं, कारण गेल्याच गणपतीत त्यांनी माझ्याकडून मोदकांचा डबा नेला होता आणि अजून परत केला नव्हता.

"मुलगी अ‍ॅडल्ट आहे. तिच्या परवानगीशिवाय तिचं मी काही सांगू शकत नाही," काका म्हणाले. "तुमचं सांगा." आणि हॅट घातली.

अख्ख्या पार्किंग लॉटमधून काका खणखणीत मराठीत बोलत चालले आणि ते गृहस्थ टोपी आणखी खाली ओढत मागे मागे. गाडीपाशी मात्र बराच वेळ दोघं उभे राहिले. काकांनी मला काही सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात ती मुलगीच डेस्कपाशी येऊन हसत म्हणाली, "काकू, डू यू नो, माय डॅड फेल्ड ट्वेल्थ? ट्वाइस! ही नेव्हर टोल्ड एनीवन!" तिला इतकी खुश मी कधीच पाहिली नव्हती. डबा अजूनही आला नाही, तो भाग वेगळा.

असा हा सगळ्या जगाला पोचवणारा माणूस स्वतः मात्र कुठे निघत नव्हता. सुमनकाकू दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला गेल्या. मग नात रांगायला लागली, चालायला लागली, काकू तिथेच राहिल्या. काकांनी मागोमाग जायचं ठरलं होतं. "एवढं सेमिस्टर झालं की निघतो," असं ते मेमध्ये म्हणायचे, डिसेंबरमध्ये म्हणायचे. दर वेळी कुणीतरी अर्ध्यात असायचं. ट्रक चालवणाऱ्या एकाचा शेवटचा मॅथ्सचा कोर्स. नेल सलोनमधल्या एका बाईंची युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. काकूंचा मला फोन यायचा. "अगं, यांचं कुठलं सेमिस्टर चाललंय? एव्हाना दोनदा डॉक्टरेट झाली असती."

मला वाटलं, यंदा तरी जातील, कारण डीनबाईंनी नियम काढला. सगळ्या अपॉइंटमेंट व्हिडिओवर, पंधरा मिनिटांत. काका चार दिवस हिरमुसले. "व्हिडिओला दार कुठे असतं?" असं मलाच विचारत राहिले, जणू व्हिडिओ मीच काढलाय.

पाचव्या दिवशी रोझा नावाच्या मुलीशी व्हिडिओवर बोलता बोलता काका उठले. सवयीने हॅट घातली. मग उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला आणि रोझाला पोचवायला निघाले.

मी काचेतून बघत होते. डीनबाईही त्यांच्या काचेतून बघत होत्या. गाड्यांच्या तिसऱ्या रांगेपाशी वायफाय संपलं आणि रोझा उघड्या तोंडाने स्क्रीनवर थिजली. काकांनी लॅपटॉप डोक्यावर धरला, उजवीकडे वळवला, डावीकडे वळवला, टाचा उंच केल्या. "रोझा! आर यू देअर?" असं ते भर उन्हात आकाशाकडे बघून ओरडत होते.

तेवढ्यात समोरच्या निळ्या गाडीतून रोझाच उतरली. घरात गोंगाट असतो म्हणून ती कॉलेजच्या पार्किंगमध्येच गाडी लावून व्हिडिओवर आली होती. दोघं हसत सुटले. हसता हसता ती रडायला लागली आणि आपण कॉलेज सोडतोय हे तिने सांगितलं. व्हिडिओवर ती फक्त समरच्या कोर्सचं विचारत होती. तिने कॉलेज सोडलं नाही. आणि डीनबाईंचा तो नियम कागदावर राहिला. मी कपाळाला हात लावला. आता हे कसले जातात बेलव्ह्यूला!

पुढे मे आला. ट्रकवाला पास झाला, कॉन्व्होकेशन झालं. त्या शनिवारी संध्याकाळी काका आमच्याकडे चहाला आले. एसीचा फिल्टर, गारपिटीने आमच्या छताला पडलेले खड्डे, आमच्या लॉनमधलं तण, सगळं बोलून झालं. "निघतो," म्हणाले. दारात आले. एक बूट घातला. दुसरा हातात धरून कडीकडे बघत उभे राहिले.

मी चपला घातल्या. "चला काका, मी पोचवते."

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं आणि निमूटपणे दुसरा बूट घातला. त्यांच्या दारापर्यंत गेलो, तर म्हणाले, तू एकटी कशाला जातेस, मी येतो. आमच्या दारापर्यंत आलो, तेव्हा मी म्हटलं, चला. मधल्या घरातला कुत्रा आमच्यावर भुंकून भुंकून शेवटी कंटाळला.

"दर सेमिस्टरला सुमन विचारते, कधी येताय," काका म्हणाले. "या वेळी तिने विचारलंच नाही."

मी नुसती चालत राहिले. त्यांच्याकडूनच शिकले आहे.

"ती गेली ना, त्या दिवशी बॅग घेऊन दारात उभी होती. टॅक्सी बाहेर येऊन थांबलेली. बराच वेळ उभी होती कडीला हात लावून. माझ्या फोनवर एक पोरगा होता, रजिस्ट्रेशन बंद व्हायला आलं होतं. मी हाताने तिला 'हो, हो, ये' केलं." त्यांनी तोच हात मला करून दाखवला. "साऱ्या गावाचं दारातलं ऐकतो मी, स्वाती. माझ्याच दारात ती काय सांगणार होती, ते राहिलं."

"मग फोन करून विचारा ना काका."

"फोनवर नाही विचारायचं." ते आपल्या दाराकडे बघत होते. "गुरुवारचं तिकीट काढलंय. एकच बाजूचं."

गुरुवारी मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. गाडीच्या दाराला हात लावून ते बराच वेळ उभे होते. पोलीस गाडी हलवा म्हणून हात करत होता. "रोझाला फॉल सेमिस्टरमध्ये बायोलॉजी घ्यायला लाव," एवढंच बोलले आणि गेले. मी रडत रडत पोलिसाची माफी मागितली.

शनिवारी काकूंचा फोन आला.

"अगं, काय माणूस आहे! बॅग हातात, बूट पायात, नात पायाला लोंबकळतेय, आणि हे दारातच उभे राहून मला विचारतात, त्या दिवशी काय सांगायचं होतं. मी म्हटलं, आधी आत तर या!"

"मग काय सांगायचं होतं, काकू?"

मागे नातीचा आणि काकांचा आवाज येत होता.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "तुम्हीही चला ना, एवढंच."