वाघमारेकाकांचा रंधा

आमच्या खालच्या मजल्यावरचे वाघमारेकाका कोणाच्याही घरी गेले की खिशातून आधी पोलादी पट्टी काढतात. ती समोरच्या टेबलावर उभी धरायची, खाली वाकून टेबलाच्या पातळीला डोळा लावायचा आणि डॉक्टरच्या सुरात सांगायचं, "मॅडम, उजेड येतोय." पट्टीखालून उजेड आला, म्हणजे टेबल सपाट नाही. आम्ही पुण्याहून हैदराबादला, विद्यानगरात राहायला आलो, त्या दिवशीच आमचं नवंकोरं डायनिंग टेबल नापास झालं. शिवाय आम्ही त्यांना चहा पाजला, तो वेगळाच.

काका मूळचे नांदेडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त. घराण्यात सुतारकाम कोणी केलेलं नाही. ही खोड उपजतच. फक्त काकूंच्या सागवानी पाटापुढे त्यांचं काही चाललं नाही. पाट पिळला होता, एक कोपरा जमिनीला टेकायचाच नाही. काकू तांदूळ निवडायला बसल्या की तो हलायचा. टक! बाहेरच्या खोलीतून काका ओरडायचे, "सरळ बस की गं!" की काकू मुद्दाम आणखी एकदा हलायच्या. टक!

"मशीन आणतो अन् तुझा पाट सरळ करतो बघ."

"आणा की. मी कुठं पळून चालले?"

मागच्या वर्षी काकू गेल्या.

आणि यंदा अफझलगंजहून एका टेम्पोतून मशीन आलं. रंधा म्हणजे सुतार हातानं ढकलतो तो नव्हे. हे विजेवर चालणारं बिडाचं धूड. दोन लांब टेबलं, मधे गरगर फिरणारी पाती. वरून लाकूड सरकवलं की खालून तासून निघतं. आलं मात्र सगळं सुटं, पोत्यांत भरून. "विलायती माल हाय, मॅडम! माझ्या आजोबाच्या उमरीचा!" काका नाचायचेच काय ते बाकी होते. काकूंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे वर्षाच्या कार्यक्रमाला, त्यांचा फोटो त्याच पाटावर ठेवायचा होता. त्याच्या आत मशीन चालू व्हायला हवं होतं. "जनम गेला तिचा हलत्या पाटावर," काका म्हणाले. "आता फोटो तरी हलू नये."

पार्किंग गेलं. जिन्यात रॉकेलचा वास भरला. गंज निघाला, मशीन उभंही राहिलं. पण दोन्ही टेबलं एका पातळीत येईनात. एक वर उचललं की दुसरं मान टाकायचं. फटीत सारायला अगदी पातळ पत्रा हवा होता, आणि तो काकांना सापडला कोल्ड्रिंकच्या डब्यात. काकांना शुगर, त्यामुळे डबे रिकामे करायची जबाबदारी आमच्यावर आली. "पिऊन टाका मॅडम, काम अडलंय!" त्या काळातल्या ऑफिसच्या सगळ्या मीटिंगा मी ढेकर गिळत केल्या.

मोटर जोडायला हिमायतनगरचे युसूफभाई यायचे. एकदा तेही कावले. "वाघमारे साब, बाल बराबर फरक है! किसकू दिखता?"

"मेरेकू दिखता ना, भाई. ठहरो जरा."

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी काकांनी दोन्ही टेबलांवर पट्टी उभी केली आणि युसूफभाईंना मागे टॉर्च धरायला लावला. बराच वेळ वाकून पाहिलं. मग एकदम आरोळी ठोकली, "अंधार! मॅडम, अंधार! बिलकुल अंधार!"

अंधार पडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आम्ही धावत खाली गेलो. काकांनी बटण दाबलं, मशीन घुमायला लागलं. एक टाकाऊ फळी सरकवली, तशी पातळ सालपटं भुरभुर उडाली. फळी तासून अशी निघाली की युसूफभाईंनी ती गालाला लावून पाहिली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. माझ्या अहोंनी तर शिट्टी मारली.

"काका, आता पाट!" मीच ओरडले.

काकांनी पाट आणला. सवयीनं पट्टी ठेवली; उजेड येतच होता. बसून बसून मधोमध झिजलेल्या जागेवरून त्यांनी तळवा फिरवला, पाट मशीनवर टेकवला आणि अचानक बटण बंद केलं.

"काय झालं काका? काही अडकलं का?"

"नाही हो." त्यांनी पाट छातीशी धरला होता. "सरळ झाला तर वाजणार नाही ना तो."

इतके दिवस राबलेला हा माणूस पाट घेऊन घरात गेला.

दुसऱ्या दिवशी फोटो त्याच हलत्या पाटावर ठेवला. बुद्धवंदना झाली. नांदेडचे पाहुणे फुलं वाहायला वाकले की पाट वाजायचा आणि काका बोलणं सोडून तिकडे बघायचे. जेवणं आटोपून पाहुणे पांगले, तेव्हा मी फुलं वाहायला गेले. माझा हात लागला. टक!

"सरळ बस की गं," काका हळूच म्हणाले.

मग ते पुढे झाले आणि पाटाचा कोपरा त्यांनी एका बोटानं आणखी एकदा दाबला.