केरोबा अँड ग्रँडसन्स

एका जंगलात, बाळांनो, केरोबा नावाचं एक गाढव राहत होतं. हसू नका. गाढवाला हसणारी मुलं पुढे त्याच्याच कंपनीत नोकरीला लागतात.

केरोबा घाटापलीकडे ओझी न्यायचा. कुणाचं धान्य, कुणाचं सरपण, कुणाच्या लेकीचं रुखवत. त्याचा नियम एकच होता. माल पोचल्याशिवाय पाणी प्यायचं नाही.

त्याचा मुलगा केशवराव. त्याने चार गाढवं कामाला ठेवली, झाडाला पाटी टांगली आणि स्वतः पाटीखाली बसला. धंदा वाढला.

नातू कियान. तो दूरच्या जंगलात शिकून आला. ओझं सोडून ओझ्याबद्दलचं सगळं त्याला येत होतं. आल्या आल्या त्याने चारही गाढवांना काढून टाकलं.

"अरे, मग माल कोण वाहणार?" केशवरावांनी विचारलं.

"पप्पा, माल वाहणं जुनं झालं. आपण आता वाहतुकीचा अनुभव देतो."

केशवरावांना काही कळलं नाही. पण पोरगा शिकलेला, म्हणून त्यांनी मान हलवली.

केरोबाचं काय केलं? त्याचा मोठा फोटो भिंतीवर लावला आणि त्याला झेंडूचा हार घातला. केरोबा चांगला जिवंत होता. फोटोखालीच बसलेला असायचा. "अरे, मी आहे अजून," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. गिऱ्हाइकं फोटोला नमस्कार करून पुढे जायची.

एके दिवशी सकाळी बकुळाकाकू शेळी डबा घेऊन आल्या. घाटापलीकडे त्यांची लेक बाळंत झाली होती. पहिलीच खेप, त्यात जुळं, आणि दूध येईना.

"डिंकाचे लाडू केलेत रे," काकू म्हणाल्या. "आज दिवेलागणीच्या आत पोचू देत. पिल्लं भुकेनं रडतायत." आणि त्यांनाच रडू आलं.

केरोबा ताडकन उठला. "आण गं इकडे. आत्ता टाकून येतो."

"आजोबा, बसा खाली," कियान म्हणाला. "तुम्ही आपला ब्रँड आहात. ब्रँडनंच ओझं उचललं तर बाजारात तोंड कसं दाखवायचं?"

मग त्याने डब्यावर कंपनीचा स्टिकर लावला. दुसरा काकूंच्या कपाळावर लावला. आणि डबा काकूंच्याच पाठीवर बांधला.

"हे काय रे? मीच न्यायचा?"

"हो. पण आता आमच्या वतीनं नेताय."

"मग तू कशाला?"

"माल कुठवर आला, हे तुम्हाला कळायला नको?" असं म्हणून कियान काकूंच्या पाठीवर चढून बसला.

वाटेत तो अधूनमधून ओरडून सांगायचा, "काकू, माल तुमच्या पाठीवर आहे!" काकूंना बरं वाटायचं. तेवढीच काळजी कमी.

अर्ध्या घाटात काकूंचे गुडघे टेकले. ऊन उतरायला लागलं होतं.

"उतर रे मेल्या," काकू रडकुंडीला आल्या. "माझी पोर वाट बघतेय."

"उतरलो तर सेवेत खंड पडतो, काकू."

इतक्यात मागून केरोबा आला. फोटोचा हार खाऊन तो गुपचूप निघाला होता. तो खाली बसला आणि काकूंना पाठीवर घेऊन उठला. काकूंवर डबा होताच. डब्यामागे कियानही होता.

वाटेत ओढा लागला. केरोबाने पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दिवे लागताना ते पोचले. कियानने टुणकन उडी मारली आणि डबा लेकीच्या हातात दिला. लेकीने लाडू तोंडात टाकला आणि तिचे डोळे भरून आले.

"दादा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"छे, छे! सगळी आजोबांची शिकवण," कियान नम्रपणे म्हणाला आणि त्याने सगळ्यांचा फोटो काढला. केरोबा तेव्हा ओढ्यावर पाणी पीत होता. म्हणून तो फोटोत नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीची पाटी बदलली. 'एकाच फेरीत माल, गिऱ्हाईक आणि मालक, तिन्ही घरपोच!' सिंहमहाराजांनी कियानला शाल-श्रीफळ दिलं. केरोबाच्या फोटोला आधीपेक्षा मोठा हार आला.

तात्पर्य : धंदा वाढवायचा असेल, तर वडीलधाऱ्यांना हार घालून मानाने भिंतीवर बसवावं. फक्त दाराला कडी लावू नये. पुढे घाट असतो.