पंचेचाळीसच्या वेगाची बाई

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. रोसारिओ शहरात माझ्याइतकं उंच सुरात किंचाळणारी बाई झाली नाही, होणार नाही! हे मी नाही म्हणत. म्हणजे, मीच म्हणते. पण खरं आहे म्हणून म्हणते.

बहात्तर साली आमचा ‘काल्देरा’ नावाचा बँड होता. काल्देरा म्हणजे बॉयलर. आमचा आवाजही तसाच, कुठल्याही क्षणी फुटेल असा! ड्रमवर एवारिस्तो, म्हणजे आजचा माझा नवरा. गिटारवर त्याचे दोन मावसभाऊ, जे आता स्पेनमध्ये नातवंडं सांभाळतात. आणि गायला मी, हायदे कार्दोसो. आमची एकच रेकॉर्ड निघाली आणि निघाली तशी आपटली.

का आपटली? तर ती बनवली होती मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगानं वाजवायला, आणि कारखान्यातल्या कुणा महाभागानं लेबलावर छापलं तेहतीस! लोक घरी नेऊन तेहतीसवर लावायचे. मग माझ्या गळ्यातून चिखलात रुतलेली म्हैस हंबरायची. आम्ही दुकानादुकानांतून सांगत फिरलो, "अहो, वेग वाढवा!" दुकानदार म्हणायचे, "आधी तुम्ही दुकानातून निघायचा वेग वाढवा!"

झालं. बँड मोडला. मी पोहण्याच्या तलावावर शिक्षिका झाले आणि पोरांवर ओरडण्यात जन्म घालवला.

काही वर्षांपूर्वी एक दिवस मी बेकरीत क्रोसाँ घेत उभी होते आणि रेडिओवर ती म्हैस हंबरली!

मी क्रोसाँ उचलायचा चिमटा टाकून दिला. "देलिया, आवाज वाढव!"

"हा?" बेकरीवाली देलिया नाक मुरडून म्हणाली. "मला वाटलं रेडिओ बिघडला."

गाणं संपलं आणि निवेदक भारावून बोलू लागला. लाउतारो त्याचं नाव. "मित्रांनो, जुन्या बाजारात हा हिरा सापडला! इतकं संथ, इतकं जड संगीत त्या काळात जगात कुणी केलं नव्हतं. आणि हा गायक! वेष्टनावर नाव आहे फक्त एच. कार्दोसो. पाताळातून बोलणारा हा पुरुष कोण होता?"

पुरुष!

मी क्रोसाँ तिथेच टाकून घरी आले. एवारिस्तो अंगणात माते, म्हणजे आमच्याकडचा कडू चहा, पीत बसला होता. ड्रम बडवून बडवून त्याचा डावा कान गेलाय, म्हणून मी उजव्या कानात ओरडले, "ऊठ! आपण प्रसिद्ध झालो!"

"काय शुद्ध झालं?"

"प्रसिद्ध! पण मी पुरुष झाले!"

"बरं," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली की नवऱ्याला कशाचंच नवल वाटत नाही.

आम्ही थेट रेडिओ स्टेशनवर धडकलो. लाउतारो चाळिशीचा, दाढी छातीपर्यंत, डोळे देवळातल्या भक्ताचे. मी म्हटलं, "एच. म्हणजे हायदे. ती मी!"

तो गोड हसला. "सेन्योरा, महिनाभर हे गाणं लावतोय, आजवर तीन आज्या हेच सांगत येऊन गेल्या. एकीनं तर टाळक्यावर विगही घातला होता."

"मी विग घालून नाही आले, पुरावा घेऊन आलेय!" असं म्हणत मी आमची रेकॉर्ड फिरत होती त्या यंत्राचा खटका पंचेचाळीसवर सरकवला.

आणि काय सांगू! माझा आवाज! विशीतला, धारदार, काचेला तडा जाईल असा! ड्रम घोड्यासारखे उधळले. एवारिस्तोचा पाय आपोआप थिरकायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

लाउतारोच्याही डोळ्यांत आलं. तो धावत येऊन खटका मागे ओढत म्हणाला, "आजी, नका हो असं करू! तव्यावर मांजर ठेवल्यासारखं वाटतंय!"

"मांजर? ती मी आहे!"

"तुमच्या भावना समजतात मला. घरचं माणूस आहात तुम्ही, दिसतंय ते. रविवारी दुपारी आमच्या वस्तीच्या क्लबात सगळे चाहते जमून ही रेकॉर्ड ऐकणार आहेत. कुटुंबातर्फे या ना. भाजलेलं मांसही आहे."

"मांस नको," मी गरजले. "माइक ठेव! तुझ्या सगळ्या दाढीवाल्यांसमोर मूळ सुरात गाऊन दाखवते. मग कोण म्हैस आणि कोण मांजर ते ठरेल!"

रविवारपर्यंत मी मध चाटला, गुळण्या केल्या, कुणाशी बोलले नाही. एवारिस्तो म्हणाला, "असा आठवडा दरवर्षी आला पाहिजे." तेवढं मात्र मी लक्षात ठेवलंय.

क्लबात तोबा गर्दी! सगळे काळ्या कपड्यांत. एवारिस्तो कुणाच्या तरी ड्रमवर बसला. गिटारवाल्या दोन तरुणांनी सूर धरला. मी ताठ उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि मनात म्हटलं, ऐका आता!

तोंड उघडलं. आणि म्हैस बाहेर आली.

मी वरचा सूर पकडायला जात होते आणि गळा तळघरात उतरत होता! तलावाकाठच्या ओरडण्यानं, सिगारेटींनी आणि वयानं मिळून माझा आवाज बरोब्बर तेहतीसवर आणून ठेवला होता. थांबावं? छट्! हायदे कार्दोसो थांबत नसते. म्हैस तर म्हैस! मी शेवटच्या कडव्यापर्यंत अशी हंबरले की छताचे पत्रे थरथरले!

गाणं संपलं. मग अख्खा क्लब उभा राहिला. दाढीवाले एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. मी एवारिस्तोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. अखेर पटलं!

लाउतारो माइक घेऊन हुंदके देत म्हणाला, "मित्रांनो, हुबेहूब तोच आवाज! ज्या बाईनं त्या माणसाबरोबर अख्खं आयुष्य काढलं, तिलाच हे जमू शकतं. ही एच. कार्दोसोंची पत्नी आहे!"

"अरे ए!" मी ओरडले. पण माइक त्याच्या हातात, आणि टाळ्यांत माझं कोण ऐकणार? तेवढ्यात त्यानं माइक एवारिस्तोच्या तोंडासमोर धरला. तोही डाव्या कानाच्या बाजूनं. "एवारिस्तो आजोबा, तुम्ही तर साक्षीदार. सांगा ना... तो आवाज... कधी गेला?"

एवारिस्तोला त्यातलं ‘आवाज’ आणि ‘गेला’ एवढंच ऐकू आलं. त्याला वाटलं, माझ्या गळ्याची चौकशी चाललीये. त्यानं खिन्नपणे मान हलवली.

"धाकटीच्या जन्मानंतर," तो म्हणाला. "एकदम नाही गेला. हळूहळू गेला बिचारा. फार सोसलं त्यानं. डॉक्टर म्हणाले, आता काही उपाय नाही."

क्लबातल्या झाडून सगळ्या टोप्या उतरल्या.

"एवारिस्तो!" मी किंचाळले. म्हणजे हंबरले. लोकांना वाटलं, विधवेचा आक्रोश! दोन बायकांनी मला धरून खुर्चीवर बसवलं. एकीनं पाणी पाजलं. एक दांडगा मिशीवाला एवारिस्तोचा हात दाबत म्हणाला, "त्यांच्या मागे तुम्ही यांना सांभाळलंत. मोठं मन लागतं!"

"हो," एवारिस्तो म्हणाला. त्याला काय ऐकू आलं, देव जाणे.

त्यानंतर मी रेडिओवर चार वेळा फोन केला, लाउतारोच्या दारात उभी राहिले, माझं ओळखपत्र त्याच्या नाकासमोर नाचवलं. तो माझे हात हातात घेऊन म्हणतो, "दुःखात माणूस गेलेल्याशी एकरूप होतं, आजी." आता रेकॉर्ड नव्यानं निघालीये. लेबलावर तेहतीसच! आणि खाली काळ्या चौकटीत ‘कै. एच. कार्दोसो यांच्या स्मृतीस’.

मी हार मानलेली नाही, हे लिहून ठेवा! मी अजून भांडतेय आणि भांडत राहणार. फक्त एवढंच, की क्लबवाले दर वर्षी मार्चमध्ये माझी पुण्यतिथी करतात आणि गायला मलाच बोलावतात. मी जाते. काय करणार? जिवंतपणी कुणी कधी एवढा मोठा माइक दिला नव्हता.