सत्कारानंतर वेळ उरल्यास हॉकी

सिंगापूरच्या हौशी हॉकी लीगमध्ये चौथ्या विभागाखाली विभाग नाही आणि चौथ्या विभागात शिवनेरी इलेव्हनखाली संघ नाही. शेवटचा सामना जिंकला नाही, तर संघाचं नाव यादीतून उडणार होतं. याची काळजी एकट्या गोलकीपर सौमित्रला होती. हा खडकीत हॉकी खेळत वाढलेला, नोकरी जुरोंग आयलंडवर, भाड्याची खोली वुडलँड्सला. आठवडाभर राबायचा तो रविवारच्या त्या एका तासासाठी.

संघाची परंपरा मात्र थोर. सामन्याआधी मान्यवरांचे सत्कार: आधी सिटिझन, मग पीआर म्हणजे कायमचे रहिवासी, शेवटी नोकरीपुरते आलेले एम्प्लॉयमेंट पासवाले. मागे एकदा बँकवाल्या चारुदत्तांना पश्मिन्याऐवजी सुती शाल मिळाली. ते अर्धा संघ घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी रायगड इलेव्हन काढला. तेव्हापासून दोन्ही संघांत हाडवैर. चढाओढ गोलांची नव्हे, सत्कार कोणाचा लांबतो याची.

शेवटचा सामना नेमका रायगडशीच होता. शिवनेरीने नऊ सत्कार केले, म्हणून रायगडने बारा. शिवनेरीने मग राखीव खेळाडूंच्या सासऱ्यांनाही बोलावलं.

"प्रबोधकाका, मैदान आपल्याला एकच तास मिळालंय हो!" सौमित्र काकुळतीला आला.

"अरे, सामने काय, होतच राहतात," अध्यक्ष प्रबोधकाका म्हणाले. "अपमान झाला की तो जन्माचा."

तेवढ्यात पंचाने घड्याळ दाखवलं. "अंकल, टाइम अप ऑलरेडी लाह!"

चेंडू पिशवीतून निघालाच नव्हता. लीगने दोन्ही संघ बाद केले. सौमित्र पॅड न सोडता गवतावर बसला आणि ढसाढसा रडला. त्याच्याशेजारी उरलेले नारळ मोजले जात होते.

मग दोन्ही संघांची रीतसर चौकशी समिती बसली. निष्कर्ष एकमताने निघाला: खेळामुळे परंपरेत वारंवार व्यत्यय येतो, सबब खेळ वगळावा. भांडणाचं कारणच मिटलं, दोन्ही संघ एक झाले. पहिल्या सोहळ्याला तांजोंग पगारचा हॉल तुडुंब भरला. सामन्यांना कधी पाच माणसं आली नव्हती.

सौमित्रला राहवलं नाही. तो उठून ओरडला, "अहो, पण यात हॉकी कुठे आहे?"

प्रबोधकाकांचे डोळे पाणावले. "बघा, याला म्हणतात तळमळ!" म्हणत त्यांनी त्याला मंचावर ओढून शाल पांघरली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तुम्हीही उभं राहून वाजवल्यात. त्याच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं का, हे तुम्हाला आता आठवत नाही. जेवणाची रांग लागली होती आणि तुमचा नंबर चौथा होता.