पैलवानाचा केसाळ कोट

नवऱ्याने बायकोला मदत करू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं, असं टेलरमास्तरांचं हल्लीचं मत आहे. मागितलेली मदत वेगळी. ती करावीच लागते. पण न मागता, तिला न सांगता, ती घरात नसताना केलेली मदत म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मास्तरांनी नेमकी तीच केली, आणि तीही रविवारी सकाळी, पोटभर न्याहारी करून, पूर्ण शुद्धीवर असताना.

प्रकरण कुत्र्याचं होतं. कुत्र्याचं नाव पैलवान. एका गिऱ्हाइकाने कोट शिवायला टाकताना टोपलीतलं एक पिल्लू "तेवढं कोट नेईपर्यंत सांभाळा" म्हणून दुकानात ठेवलं. कोट त्याने नेला, पिल्लू राहिलं. (तो कोट मास्तरांनी सांगितलेल्या दिवशी दिला होता. धंद्यात त्यांनी वेळ पाळली ती ही एकदाच, आणि तिचं फळ काय मिळालं ते बघा, असं ते तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात.) पिल्लू वाढलं. डोकं रुंद, जबडा त्याहून रुंद, छाती अशी की कापड जरा जास्तच आणायला सांगावं, आणि अंगावरचे केस इतके आखूड की आत्ताच इस्त्री फिरवली असावी. अनोळखी माणसं त्याला बघून रस्ता बदलायची. ओळखीच्यांना मात्र ठाऊक होतं, की कुकरची शिट्टी झाली की हा पैलवान सासूबाईंच्या पलंगाखाली शिरतो, आणि तिथे तो पुरता मावत नसल्यामुळे पलंग सासूबाईंसकट वर येतो.

"जावईबापू, मला खाली घ्या," एवढंच त्या शांतपणे म्हणायच्या.

अशात नगरपालिकेने नियम काढला. गावात कुठेतरी कुणाला तरी कुत्रा चावला होता. चावणारा सापडला नाही, म्हणून त्याच्यासारखे दिसणारे सगळे धरायचं ठरलं. डोकं रुंद, जबडा मोठा, केस आखूड अशा जातींचे कुत्रे धोकादायक समजून कोंडवाड्यात न्यायचे. आता कुठला कुत्रा कुठल्या जातीचा, हे सांगणार कोण? पैलवानाची जात कुणालाच ठाऊक नव्हती, त्याच्या आईलाही असेल की नाही शंकाच आहे. तेव्हा दिसण्यावरून ठरवायचं. आणि नोटिशीतलं वर्णन तर असं होतं, की लिहिणाऱ्याने पैलवानाला समोर बसवून, "जरा मान वर कर बाळ," म्हणत लिहिलं असावं.

मास्तरीणबाई पेटल्या. दुकानातली काज-बटणं, हिशेब आणि बोलणं ही तिन्ही खाती त्यांच्याकडे होती. त्यातलं तिसरं त्यांनी आता गावासाठी खुलं केलं. चार दिवसांत श्वानपालकांची विरोध समिती उभी राहिली. सभा त्यांच्याच बैठकीत, म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीत व्हायच्या, आणि अध्यक्षांचे यजमान या नात्याने चहा मास्तरांकडे असायचा.

"एखाद्या घरचा जावई वाह्यात निघाला, म्हणून गावातले सगळे जावई कोंडून घालता का?" मास्तरीणबाई सभेत विचारत.

"घातले तरी चालतील," आतून सासूबाई म्हणत.

"तू गप्प गं आई. आमचं म्हणणं एकच आहे. रूप बघू नका, वागणूक बघा. जो चावला त्याला धरा, त्याच्या सगळ्या गोतावळ्याला नको."

हे सगळं ऐकायला नगरपालिकेचे निरीक्षकसाहेबही एकदा आले होते. सज्जन गृहस्थ. आवाज मऊ, काखेत फाइल. टाळ्यांच्या भरात मास्तरीणबाईंनी त्यांनाच आव्हान दिलं. "रविवारी घरी या. आमचा कुत्रा जसा आहे तसा तुमच्यापुढे उभा करते. काय हवं ते करून बघा. वाकडा वागला तर घेऊन जा. नाही वागला, तर नियम चुकला असं लिहून द्या."

"येतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी ते टिपून घेतलं. टिपून घेतल्यावर टाळ्या जरा कमी झाल्या.

शनिवारी संध्याकाळी मास्तरीणबाई पैलवानाची धुतलेली गोधडी पुन्हा धूत बसल्या होत्या. मास्तर म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? जिंकशील तू."

"मी जिंकेन हो. पण तो घाबरला तर? घाबरलेलं जनावर आहे, काय करेल सांगता येतं का?" त्यांनी गोधडी पिळली, झटकली, आणि पुन्हा बादलीत घातली. "माझ्या तोंडाला आवर नाही, आणि पणाला लावलं त्याला."

मास्तर गडबडले. त्यांच्या संसारात घाबरण्याचं खातं पहिल्यापासून त्यांच्याकडे होतं. बायको घाबरलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती, आणि ते त्यांना मुळीच बघवेना. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठरवलं, की आपण थोडी मदत करायची.

रविवारी मास्तरीणबाई समितीची माणसं गोळा करायला बाहेर पडल्या आणि मास्तरांनी फळीवरचं कापड खाली काढलं. शाळेच्या नाटकासाठी मुलांना मेंढरांचे पोशाख शिवले होते, त्यातलं बरंच करडं केसाळ कापड उरलं होतं. ("कापड पुरलं नाही, अजून थोडं आणा," असं त्यांनी शाळेला सांगितलं होतं. सगळेच टेलर सांगतात.) मास्तरांनी पैलवानाला टेबलावर उभं केलं आणि मापं घेतली. असं गिऱ्हाईक त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. पोट आत ओढत नाही, कंबर घट्ट करा म्हणत नाही, शेजारच्या दुकानातली शिलाई सांगत नाही. मानेचं माप घेताना त्याने मास्तरांच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. मास्तरांना एकदम भरून आलं. उद्या ही मान कोंडवाड्याच्या गजांमागे असेल, या विचाराने टेपवरचे आकडेच दिसेनात. नाक पुसून त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून मापं घेतली.

गिऱ्हाइकाला "आठवडा तरी लागेल" असं सांगायचं काम तासाभरात होतं, हे धंद्यातलं गुपित आहे. कोट झाला. मानेला टक, पायांना कफ, कपाळावर डोळे झाकणारी झालर, आणि पोटाखाली अशी चेन की जवळून बघितली तरी सापडू नये. पैलवान आता एखाद्या डोंगरावर मेंढरं राखणारा, म्हातारा, विचारी कुत्रा दिसत होता.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "जावईबापू, शिवण चांगली आहे," त्या म्हणाल्या. "डोकं कुणाचं?"

"माझंच."

"वाटलंच मला."

तेवढ्यात निरीक्षकसाहेब आले. अर्धा तास आधी. सरकारी माणूस वेळेआधी येईल हे मास्तरांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

"हाच तुमचा कुत्रा?"

"हाच."

"बाई तर म्हणाल्या होत्या, दिसायला भयंकर आहे."

"बायकांना सवयच असते हो वाढवून सांगायची," मास्तर हसत म्हणाले. (हे वाक्य पुढे त्यांना घरात बरेच दिवस परत ऐकवण्यात आलं.)

साहेबांनी फाइल उघडली. "लांब केस. डोळ्यांवर झुलपं. मेंढपाळी वळण. अरेरे."

"अरेरे का?"

"कालच दुसरी यादी निघाली. नगरपालिकेच्या उपाध्यक्षांच्या मेहुण्यांना असलाच एक केसाळ कुत्रा चावला. आता हेही धोकादायक झाले. न्यावं लागेल."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. आगीतून उठून फुफाट्यात पडायचं, तेही फुफाटा स्वतःच्या हाताने शिवून. "साहेब," त्यांनी घसा खाकरून विचारलं, "समजा, नुसतं समजा, याचे केस आखूड असते तर?"

"एवढं रुंद डोकं आणि केस आखूड? मग पहिल्या यादीत गेला."

"आणि मध्यम असते तर?"

साहेबांनी पानं पुढेमागे केली. "मध्यम केसांचं अजून काही आलेलं नाही."

"मग चेन अर्धीच उघडा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

"कसली चेन?" साहेबांनी विचारलं.

नेमक्या त्याच वेळी दारात मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. मागे समितीची दहा-बारा माणसं, हातात फलक, फलकांवर ठळक अक्षरांत "रूप बघू नका, वागणूक बघा". मास्तरीणबाईंनी मेंढपाळी कुत्र्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. विचारायची गरज नव्हती. इतकी सफाईदार चेन बसवणारा माणूस गावात एकच होता.

"अहो," त्या फक्त एवढंच म्हणाल्या. मास्तरांना वाटलं, आपणच कोंडवाड्यात गेलेलं बरं.

मागचे फलक हळूहळू खाली आले. मास्तरीणबाई पुढे झाल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी चेन ओढली. केसाळ कुत्रा गळून पडला आणि आतून पैलवान निघाला. त्याने अंग झटकलं, शिंकला, आणि बाईंचा कान चाटला.

"साहेब," मास्तरीणबाई उठत म्हणाल्या. आवाज आधी जरा कापला, मग जाग्यावर आला. "हा आत्ता कुठल्या यादीत आहे?"

"पहिल्या."

"आणि आत्ता, मी यायच्या आधी?"

"दुसऱ्या."

"कुत्रा बदलला का?"

साहेबांनी पुन्हा फाइलीत पाहिलं.

"मी आंघोळीनंतर केस मोकळे सोडले तर मला तुम्ही वेगळ्या यादीत घालणार का? तोच कुत्रा, तोच जबडा, तेच दात. नुसती एक चेन उघडली तर तुमचा नियम पार गोंधळला. आता यादी ठेवा खाली, आणि बघा त्याची वागणूक."

साहेबांनी खरंच फाइल खाली ठेवली. पैलवानाचा कान ओढला. त्याने दुसरा कान पुढे केला. त्याच्या तोंडातून बिस्कीट काढून घेतलं. त्याने दुःखी चेहऱ्याने शेपटी हलवली. साहेबांनी त्याच्या नाकासमोर फटकन आपली छत्री उघडली. तो छत्रीखाली जाऊन बसला. आणि मग आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. (कुकर सासूबाईंनी सकाळीच चढवला होता. कुत्रा जगो की जावो, माणसांना जेवायला लागतंच, असं त्यांचं म्हणणं.) मास्तरीणबाईंनी डोळे गच्च मिटले. पैलवान उडाला. पलंग लांब होता, साहेब जवळ होते. तो त्यांच्या दोन्ही पायांमध्ये शिरला आणि त्यांच्या पोटावर डोकं दाबून थरथरत उभा राहिला.

साहेबांचा हात हळूच त्या रुंद डोक्यावर गेला. "अरे, शिट्टी आहे ती," ते म्हणाले. "काही नाही होत."

मग त्यांनी फाइल उचलली आणि लिहिलं: कुत्रा शांत. दिसण्यावरून जात ठरवणं भरवशाचं नाही, कारण एक सामान्य टेलर ती तासाभरात बदलू शकतो. सबब नियमाचा फेरविचार व्हावा.

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि नवऱ्याकडे बघून चक्क हसल्या. समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मास्तरांची पाठ थोपटली. "तुमच्या कोटानेच जिंकलं," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्या हातून काहीतरी बरोबर झालं, असं मास्तरांना वाटलं. ते तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

निरीक्षकसाहेबांनी अभिनंदनासाठी हात पुढे केला. त्यांच्या बाहीच्या बटणात कोटाचा एक करडा दोरा अडकून लोंबत होता. लोंबता दोरा टेलरला बघवत नाही. कात्री टेबलावर राहिली होती, आणि कात्री नसली की टेलर दोरा कसा तोडतो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. फक्त साहेबांना ठाऊक नव्हतं. मास्तरांनी त्यांचं मनगट प्रेमाने धरलं, वाकले, आणि दात उघडले. दात विचकून आपल्या मनगटाकडे झेपावणारा माणूस बघून साहेबांनी हात हिसकला. दोरा सुटला. मनगट सापडलं.

साहेब ओरडले. पैलवान सासूबाईंच्या पलंगाखाली गेला.

साहेब मनगट चोळत होते. दातांच्या खुणा स्वच्छ, एका ओळीत उमटल्या होत्या. (टाक्यांतलं अंतर सारखं ठेवायचा मास्तरांचा हात पूर्वीपासून चांगला.) शेवटी साहेबांनी पेन काढलं आणि थंड आवाजात म्हणाले, "मी वीस वर्षं कुत्री तपासतोय. आज पहिल्यांदा चावा बसला. आता मी काय लिहू? टेलर ही जात धोकादायक आहे, असं लिहू?"

मास्तरांनी आशेने बायकोकडे पाहिलं. मास्तरीणबाई ताठ उभ्या राहिल्या. सगळी समिती त्यांच्याकडे बघत होती.

"मुळीच नाही," त्या ठामपणे म्हणाल्या. "एक टेलर चावला म्हणून सगळ्या टेलरांना दोष द्यायचा नाही. आमचा लढाच त्यासाठी आहे. जो चावला त्याचं नाव लिहा. मी सांगते, घ्या लिहून."

समितीने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मास्तर, मास्तरीणबाई आणि पैलवान फिरायला निघाले. बातमी अर्थातच त्यांच्या पुढे पोचली होती. कोपऱ्यावर समोरून एक बाई लहान मुलीला घेऊन आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. मुलगी धावत जाऊन पैलवानाच्या गळ्यात पडली. त्याचं बाईंना काहीच वाटलं नाही. त्या मास्तरांकडे बोट दाखवून दबक्या आवाजात मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "ह्यांच्या जवळून गेलं तर चालेल ना?"

मास्तरीणबाईंनी पैलवानाचा पट्टा सैल सोडला आणि मास्तरांचं कोपर घट्ट धरलं.

"या हो, खुशाल या," त्या म्हणाल्या. "एरवी काही करत नाहीत ते. आणि मी धरलंय."