उन्हात ठेवलेला भात

सूर्याला कामाला लावणारा वर्धा जिल्ह्यातला पहिला माणूस मीच. हे मी गर्वाने सांगत नाही, नोंद राहावी म्हणून सांगतो. त्याआधी सूर्य आमच्याकडे रोज यायचा, दिवसभर तापायचा आणि कुरड्या वाळवून निघून जायचा. एवढ्या वरच्या हुद्द्यावरच्या गृहस्थाकडून कुरड्या वाळवून घेणं मला पटत नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात मी एका प्रदर्शनातून सौरचूल आणली. दिसायला पत्र्याची सुटकेस. आतून काळा रंग, वर दुहेरी काच, झाकणाला आतल्या बाजूने आरसा आणि पोटात चार काळे डबे. झाकण उघडून आरसा सूर्याकडे करायचा, डब्यात तांदूळ आणि पाणी घालायचं आणि तीन तास तिकडे फिरकायचं नाही. रॉकेल नाही, धूर नाही, फुंकणी नाही. मे महिन्यात आमच्या एसटी स्टँडच्या बाकावर माणूस तीन तासांत शिजतो, मग तांदळाचं काय घेऊन बसलात!

आमच्या सौभाग्यवती अन्नपूर्णाबाईंनी पेटीभोवती एक चक्कर मारली.

"लुगडी चांगली राह्यतीन यात," ती म्हणाली.

"यात येत्या रविवारचा भात होणार आहे."

"रविवारी? जावई येऊन राह्यले, इवाई येऊन राह्यले, आन् तुम्ही पेटीत भात करता?"

इथे थोडं मागे जायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमच्या लेकीचं, कोकिळेचं लग्न झालं. शेवटच्या पंगतीला भात कच्चा निघाला आणि नेमके त्याच पंगतीला आमचे व्याही, म्हणजे इवाई, लक्ष्मणराव बसले होते. त्यांची सिंदी (रेल्वे) या गावी कापसाची अडत. माणूस मनाने वाईट नाही, पण एकदा विषय सापडला की सोडत नाही. त्या दिवसापासून सिंदीच्या घरात भाताचं पातेलं उतरलं की ते चारचौघांत विचारायचे, "सूनबाई, शिजवला का वर्ध्यासारखाच ठेवला?" दोन वर्षं, रोज दोन वेळा. पोरीने शेवटी भात खाणंच सोडलं.

आता अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, तर सोबत लक्ष्मणरावही निघाले. कोकिळेचं पत्र आलं. त्यात खुशाली वगैरे काही नव्हतं. एकच ओळ होती: "बाबा, काही करा, पण भात तेवढा शिजवा."

मी उलट टपाली कळवलं, की या वेळी भात साक्षात सूर्यनारायण शिजवणार आहेत. तसंच एक पत्र लक्ष्मणरावांनाही टाकलं. आता माघार नव्हती.

रविवारी साडेनऊला मी पेटी मागच्या अंगणात मांडली. आरसा लावला, काच पुसली. बाकी स्वयंपाक अन्नपूर्णा आत स्टोव्हवर करत होती. तिला मी ताकीद दिली होती, की भाताच्या भानगडीत पडायचं नाही आणि काच तर मुळीच उघडायची नाही. उघडली की उष्णता पळून जाते, असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

सव्वादहाला खिडकीतून पाहिलं, तर पेटीवर ओलं पोतं. शेजारच्या देवकाबाई तांब्याने त्यावर आणखी पाणी शिंपत होत्या.

"देवकाबाई, हे काय करून राहिल्या?"

"डबे उन्हात पडले होते, बापा. म्हटलं घरचे इसरले असतीन."

"मुद्दाम ठेवले. त्यात भात आहे."

"भात? मंग तं लवकर आंबन," असं म्हणून त्या दुसरं पोतं आणायला वळल्या.

यात त्यांचा दोष नाही. वर्ध्याचा मे ज्यांनी काढला नाही त्यांना हे कळणार नाही. आमच्याकडे उन्हात काहीही दिसलं की माणूस ते सावलीत ओढतो. गाय असो, सायकल असो, माठ असो, की रस्त्याकडेला झोपलेला कोणाचा मामा असो. मालक कोण ते विचारत नाहीत. हे पुण्यकर्म आहे आणि त्यात पुरुष-बाई, लहान-मोठा, शिकलेला-अडाणी असा भेद नाही.

पोती बाजूला केली, काच पुन्हा पुसली. अकराला प्रेमदास मास्तर आले. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सबंध गल्लीत या यंत्राचं मोल जाणणारा एकच माणूस. येताना ते ज्ञानप्रसार म्हणून आणखी दहाजण घेऊन आले. सगळे पेटीभोवती दाटीने उभे राहिले.

"किरणं आत येतात," मास्तर म्हणाले, "पण काचेमुळे त्यांना परत जाता येत नाही."

"सासरी गेल्यावानी," मागून कोणीतरी म्हणालं.

"अगदी बरोबर. आता मी प्रत्येक टप्पा समजावतो."

चाळीस मिनिटं टप्पे चालले. मास्तरांची छत्री, त्यांना धरून अकरा माणसं, आणि सगळी सूर्याच्या बाजूला. एवढी दाट सावली आमच्या अंगणातल्या कडुनिंबानेही कधी दिली नाही. शेवटी मास्तरांनी काचेवर तळहात ठेवला.

"पाहा, काच थंड लागते. म्हणजे सगळी उष्णता आत गेली."

सर्वांनी हात लावून पाहिला. काच खरंच थंड होती. मी मनातल्या मनात विज्ञानाला नमस्कार केला.

मंडळी पांगल्यावर मी पाहुण्यांना आणायला एसटी स्टँडवर गेलो. तिथे पाऊण तास बाकावर बसून मी स्वतः शिजलो. पाहुणे पॅसेंजरने येऊन केव्हाच घरी पोचले होते. परत आलो तर लक्ष्मणराव हातपाय धुऊन बैठकीत टॉवेलने मान पुसत होते.

"काहो इवाईबुवा," ते म्हणाले, "कुठी हाये तुमचा सूर्याचा भात?"

"आणतो. तुम्ही पाटावर बसा."

अंगणात गेलो, तर पेटी कडुनिंबाखाली, झाकण नीट बंद. मी ओळखलं, की भात झाला म्हणून अन्नपूर्णेनेच काढून ठेवला असणार. बाई शेवटी शहाणी. डबा घेतला, तसाच झाकलेला आत नेला आणि मी स्वतः वाढायला उभा राहिलो. कोकिळा दाराशी उभी होती. माझ्याकडे नाही, डब्याकडे पाहत होती.

पहिला मान लक्ष्मणरावांचा. झाकण काढलं आणि डाव घातला.

भाताच्या आधी पाणी आलं. ते ताटात पसरत वरणाला भेटलं, तिथून वळण घेऊन पुरणाच्या धोंड्यांपर्यंत गेलं. त्यामागून तांदूळ आले. एकेक दाणा ताटात वाजला.

लक्ष्मणरावांनी एक दाणा उचलला, दाताखाली धरला. कट्ट!

"वा," ते म्हणाले. "वर्ध्यानं शब्द पाळला."

कोकिळेची मान खाली गेली. मी अन्नपूर्णेकडे वळलो.

"झाला नव्हता तर पेटी सावलीत का ठेवलीस?"

"मी? तुम्हीच म्हटलं ना, तिकडं फिरकू नको म्हणून? मी सकायपासून अंगणात गेली नाई."

"मग देवकाबाई आल्या असतील."

"त्या पोतं वाळत घालून राह्यल्या."

आमचे जावई तसे बोलत नाहीत. लग्नात नाव घ्यायलासुद्धा त्यांना तिघांनी ढकललं होतं. त्या दिवशी मात्र ते ताटाकडे पाहत म्हणाले, "आमच्या बाबांनी ठेवली."

लक्ष्मणराव थांबले.

"कोणती? ते आरशाची पेटी?" ते हळूच म्हणाले. "मी पाय धुवाले गेलतो, तं भर उन्हात आरसा. काच तडकली असती, बापा. म्हटलं इवायाचं नुकसान होऊन राह्यलं. झाकण लावलं आन् ठेवली सावलीत."

"किती वाजता?"

"पाऊण तास झाला असन."

मान वर झाली ती कोकिळेची. दोन वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. ती पुढे आली, माझ्या हातातला डाव अलगद काढून घेतला आणि सासऱ्यांच्या ताटापाशी वाकली.

"मामाजी, अजून घ्या ना."

"पुरे, सूनबाई."

"असं कसं? तुम्हीच तं शिजवला."

लक्ष्मणरावांनी तो सगळा भात खाल्ला. दाणा न् दाणा, कटाकटा, कोणाकडेही न पाहता. जावयांनी त्या वेळी तोंडात धोंडा कोंबला, तो हसू दाबायलाच, असं मला आजही वाटतं.

संध्याकाळी निघताना लक्ष्मणरावांनी मला बाजूला घेतलं.

"इवाईबुवा, आता भाताचा इषय बंद."

"बंद."

"आन् हे सिंदीत कोणाले कळू देऊ नका."

मी शब्द दिला. कोकिळा सुखाने भात खाऊ लागली आणि मीही आजपर्यंत तो शब्द पाळला. आज लिहिण्याच्या भरात हातून सगळंच सांगून झालं. म्हणून सिंदी (रेल्वे) येथील वाचकांना एक लहानशी विनंती आहे. आपण हे वाचू नये.