परत पाठवलेलं गिऱ्हाईक

नवा फोन घरी आल्यावर सहाव्या दिवशी त्याने मला परत केलं.

फोनचं नाव 'चतुर'. एका ऑनलाइन दुकानाने स्वतःच काढलेला. जाहिराती झाल्या, सवलती झाल्या, पण घ्यायला कुणी येईना. जे आले ते परत करून मोकळे. शेवटी दुकानाने ठरवलं, गिऱ्हाईक फोनला नाकारतं, तर फोनलाही गिऱ्हाईक नाकारू दे. मुदत दोघांनाही दहाच दिवस. मी शाळेत मुख्याध्यापिका होते, छापलेला नियम मी शेवटपर्यंत वाचते. हाही वाचला होता, पटलाही होता. आपल्यावर लागू होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

"कारण?" मी विचारलं.

"अपूर्ण वापर," फोन म्हणाला. "रोज संध्याकाळी एकच नंबर लावायला घेता. नऊ आकडे दाबता, दहावा दाबत नाही."

"तो माझा प्रश्न आहे."

"हो. म्हणूनच तुम्हाला मूळ पत्त्यावर पाठवतोय."

मूळ पत्ता म्हणजे माहेर, नांदणी. आणि तो नंबर माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये माझं नाव नव्हतं. चुलत चुलत्यांची होती, मंडपवाल्याचं होतं, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या दीड वर्षाच्या पिंट्याचंही होतं. सख्ख्या आत्याचं नाही! मी लग्नाला गेले नाही, त्यानेही विचारलं नाही. चूक सर्वस्वी त्याची. पण आमचे हे गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आणि संध्याकाळ झाली की अण्णाची आठवण यायचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हणमंत नावाचा कुरिअरवाला टेम्पो घेऊन आला.

"बाई, मूळ पॅकिंग लागेल," तो म्हणाला.

"अहो, साठीच्या बाईचं मूळ पॅकिंग कुठून आणू?"

त्याने मोबाईलमध्ये बघितलं. "माहेरची साडी चालते म्हणे."

मी अण्णाने घेतलेली इरकल नेसले. हणमंतने चष्मा, बीपीच्या गोळ्या, पायातला जुना ठणका, सगळं यादीशी ताडून बघितलं आणि माझ्या खांद्यावर नावाचं स्टिकर चिकटवलं. फोन टेबलावरून बघत होता. मी त्याचा निरोप घेतला नाही.

इचलकरंजी मागे पडल्यावर मी विचारलं, "आणि अण्णाने घेतलं नाही तर?"

"तर गोदामात," हणमंत म्हणाला. "तिथं बरीच माणसं आहेत. पंखे आहेत."

आयुष्यभर पोरांना धाक दाखवला, पण त्या अर्ध्या तासात मला अण्णाच्या दाराची जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच वाटली नव्हती.

दार त्यानेच उघडलं. बनियनवर, हातात वर्तमानपत्र. केवढा वाळला होता! त्याने चष्मा पुढे ओढून माझ्या खांद्यावरचं मोठ्याने वाचलं, "सौभाग्य... नाही. श्रीमती हेमलता भूपाल मगदूम. नग एक."

"बघ," मी म्हटलं, "यांना बरोबर छापता आलं."

अण्णाने वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "मीच विसरलो गं, हेमे. पत्रिका छापून आल्यावर लक्षात आलं. पण तुला तोंड दाखवायची छाती झाली नाही."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

"अहो, सही करा आधी!" आतून वहिनी ओरडल्या. "पोरगी उन्हात उभी आहे."

अण्णाने सही केली. हणमंतने नियम सांगितला, "पसंत पडलं नाही तर दहा दिवसांत परत करता येईल. फक्त स्टिकर काढायचं नाही. काढलं की आम्ही परत घेत नाही."

अण्णाने पुढे होऊन माझ्या खांद्यावरचं स्टिकर काढलं. फाटू नये म्हणून अगदी सावकाश. आत जाऊन कपाटातली ती पत्रिका आणली आणि निमंत्रकांच्या यादीत, मंडपवाल्याच्या वर, ते चिकटवलं. जरा तिरकं बसलं.

हणमंतने तशी नोंद केली. वहिनींनी त्याला चहा दिला, आणि मला आत बोलावून भाजी निवडायला बसवलं.